एक शहर, अनेक चौकटी: आलेखांची जाळी मांडताना

मागच्या भागात आपण ‘आर’ या भाषेत एकाच केंद्राचा, एका वर्षाचा पीएम 2.5 चा आलेख काढला होता. आज तीच आकडेवारी घेऊ, पण दिल्ली आणि आसपासच्या अकरा केंद्रांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर दर केंद्राची तासागणिक माहिती मिळते, ती उतरवून घ्यायची. दिल्लीत अशी चाळीसच्या आसपास केंद्रं आहेत, शिवाय नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबादची वेगळी. आपण घेतलेली अकरा अशी: रोहिणी, दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर, पंजाबी बाग, मंदिर मार्ग, आनंद विहार, द्वारका, आर. के. पुरम, गाझियाबादमधलं वसुंधरा, नोएडा सेक्टर 62, गुरुग्राममधलं विकास सदन आणि फरिदाबाद.

व्हिडिओत कोड पडद्यावर दिसतो. इथे मी तो बोलून दाखवल्यासारखा लिहिते आहे. टाईप करताना तो अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचा, आणि फंक्शनची नावं सगळी लहान लिपीत.

पहिला प्रयत्न सगळेच करतात: अकरा रेषा, अकरा रंग, एकच आलेख. नोव्हेंबर आला की त्याच्या शेवया होतात. कुठली रेष कुणाची हे पाहायला नजर उजवीकडच्या रंगसूचीकडे जाते, परत येते, तोवर रंग विसरलेला असतो. मग दुसरा उपाय सुचतो, सरासरी काढण्याचा. सरकारही तेच करतं. दिल्लीचा रोजचा जो एक हवा गुणवत्ता निर्देशांक बातम्यांत येतो, तो शहरातल्या केंद्रांची सरासरी असतो. त्या एका आकड्यावर मोठे निर्णय ठरतात. तो 400 च्या वर गेला की टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्यातला, म्हणजे ‘ग्रॅप’मधला तिसरा टप्पा लागू होतो आणि बांधकामांवर कडक बंधनं येतात, 450 च्या वर चौथा. शहरासाठी एक निर्णय घ्यायचा तर एक आकडा लागतो, हे मान्य. पण आनंद विहारच्या बस अड्ड्यापाशी दिवसभर उभा असलेला माणूस आणि मंदिर मार्गाजवळ राहणारा माणूस एकाच सरासरीत श्वास घेत नाहीत.

एका रेषेत सगळं दडतं, अकरा रेषांत काहीच दिसत नाही. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक केंद्राला आपली छोटी चौकट द्यायची आणि सगळ्या चौकटी शेजारीशेजारी जाळीत मांडायच्या. हे काही परकं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात महिना आपण असाच वाचतो: सगळे रविवार एका ओळीत, म्हणून त्यांच्यावर नजर सरळ जाते. चौकटीची रचना एकदा कळली की पुढे फक्त फरक वाचायचा उरतो.

या जाळीच्या इतिहासात दिल्लीचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये बिल क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ‘ट्रेलिस’ नावाची आलेखपद्धत तयार केली. ट्रेलिस म्हणजे वेल चढवायची जाळी. ती ‘एस’ या भाषेसाठी होती. ‘एस’च्या धर्तीवर न्यूझीलंडमध्ये ‘आर’ जन्मली, आणि ‘आर’साठी ट्रेलिसचा नवा अवतार लिहिला दीपायन सरकार यांनी. त्या पॅकेजचं नाव ‘लॅटिस’, म्हणजे पुन्हा जाळीच. सरकार हे ‘आर’च्या मूळ चमूचे सदस्य आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रात प्राध्यापक. महालनोबिसांनी 1931 मध्ये कोलकात्यात सुरू केलेली तीच ही संस्था. ‘आर’ तुमच्या संगणकावर आलं की सहसा लॅटिस सोबत येतंच, वेगळं उतरवावं लागत नाही. हुमायूनच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्यांच्या शहरात लॅटिसचे कर्ते शिकवतात, हा योगायोग मला फार आवडतो.

लॅटिससोबत जवाच्या पिकाची एक छोटी आकडेवारी येते, नाव ‘बार्ली’. मिनेसोटातली सहा शेतं, जवाचे दहा वाण, 1931 आणि 1932 अशी दोन वर्षं. सगळे मिळून 120 आकडे. यातल्या काही आकड्यांचा वापर आर. ए. फिशर यांनी 1935 च्या आपल्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात केला, आणि पुढे अनेकांनी हेच आकडे उदाहरणासाठी घेतले. मग क्लीव्हलँडनी शेतागणिक एक अशा सहा चौकटी मांडल्या, प्रत्येकीत दोन वर्षांचे दोन रंगांचे ठिपके. पाच शेतांत 1931 चं पीक 1932 पेक्षा सरस. मॉरिस नावाच्या एकाच शेतात उलटं. 1993 च्या पुस्तकात त्यांनी म्हटलं, इथे वर्षांची अदलाबदल झालेली दिसते. जवळपास साठ वर्षं लोकांच्या डोळ्यांखालून गेलेली गोष्ट सहा चौकटींनी दाखवली.

गोष्ट इथे संपत नाही, आणि मला उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. 2013 मध्ये केव्हिन राइट यांनी जुन्या नोंदी आणि आसपासच्या वर्षांची आकडेवारी तपासून दाखवलं की मॉरिसचं उलटं वागणं ही चूक नसावी. हवामान आणि जागा यांमुळे असे चढउतार तिथे होतच असत. म्हणजे ‘इथे बघ, काहीतरी वेगळं आहे’ एवढं जाळीने सांगितलं. ते वेगळं का आहे, हे शोधायला शेवटी कागदपत्रांकडेच जावं लागलं. दिल्लीची हवा पाहतानाही हाच क्रम ठेवा.

आता हात चालवू. लॅटिसमध्ये ओळ अशी: एक्सवायप्लॉट, कंसात पीएम25, मग नागमोडी खूण, मग तारीख, मग उभी रेघ, मग केंद्र. सगळा जीव त्या उभ्या रेघेत आहे. ती वाचायची ‘दर’ अशी: पीएम 2.5 तारखेप्रमाणे, दर केंद्राला. दोन खोड्या आधीच सांगून ठेवते. लॅटिस चौकटी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून भरत वर जातं, कारण आलेखाचा शून्यही तिथेच असतो. आपल्याला वाचायची सवय वरून खाली, म्हणून ‘ॲज डॉट टेबल’ला ‘ट्रू’ द्यायचं. आणि ‘लेआउट’मध्ये आधी स्तंभ, मग ओळी. तीन स्तंभ, चार ओळी हव्या असतील तर तीन, चार. मेट्रिक्समध्ये ‘आर’ आधी ओळी मोजतं, इथे उलटं, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ ठरलेला.

आज बहुतेक लोक हॅडली विकम यांचं ‘जीजीप्लॉट2’ वापरतात. त्यात आलेख तयार करून अधिक चिन्हाने ‘फॅसेट रॅप’ जोडायचं, कंसात नागमोडी खूण आणि केंद्र, मग एनकॉल बरोबर तीन. एक पट्टी दुमडून ओळी कराव्यात तशा चौकटी डावीकडून उजवीकडे, वरून खाली येतात.

इथवर यायला पाच मिनिटं लागतात. खरी कसोटी पुढे आहे, आणि ती उभ्या अक्षाची.

फॅसेट रॅपमध्ये ‘स्केल्स’ नावाची एक किल्ली आहे. काहीच सांगितलं नाही तर सगळ्या चौकटींना एकच मोजपट्टी मिळते. ‘फ्री वाय’ म्हटलं की प्रत्येक चौकट आपापल्या आकड्यांप्रमाणे ताणली जाते आणि चित्र एकदम देखणं होतं. प्रत्येक रेष चौकटभर पसरलेली, कुठे रिकामी जागा नाही. पण समजा एका केंद्राचे आकडे 80 ते 400 मध्ये फिरतात आणि दुसऱ्याचे 20 ते 90 मध्ये. मोकळ्या मोजपट्टीवर दोन्ही चौकटींतला डोंगर सारख्याच उंचीचा दिसेल. अक्षावरचे बारीक आकडे कोण वाचतं? पाहणारा म्हणेल, सगळीकडे सारखंच आहे. तिथे दिल्लीबरोबर मुंबई, पुणे, नागपूर ठेवून पाहा. प्रत्येक शहर आपापल्या जागी तितकंच काळंकुट्ट दिसेल आणि दिल्लीच्या हिवाळ्याचं वेगळेपण पार पुसलं जाईल. उलट, मुंबईकराला आपली हवा आहे त्याहून वाईट वाटेल. आकडा एकही खोटा नाही, तरी चित्र फसवं.

म्हणून तुलना करायची असेल तर मोजपट्टी एकच. छोट्या आकड्यांची केंद्रं तळाशी चपटी दिसतील. दिसू द्या, तेच तर सांगायचं आहे. मोकळी मोजपट्टी कधी चालते? जेव्हा प्रश्न ‘किती’ हा नसून ‘केव्हा’ हा असतो. सगळ्या केंद्रांचा उच्चांक एकाच दिवशी येतो का, एवढंच पाहायचं असेल तर खुशाल मोकळी ठेवा, पण शीर्षकाखाली ठळक लिहा की प्रत्येक चौकटीची मोजपट्टी वेगळी आहे. काही जण लॉग मोजपट्टीची वाट काढतात. अभ्यासकांसाठी ती ठीक. सर्वसामान्य वाचकाला मात्र 60 वरून 600 ही एक पायरी वाटते, आणि फुप्फुसांच्या बाबतीत ती एक पायरी नव्हे.

मग चपट्या चौकटींत वाचकाला आधार काय द्यायचा? दोन गोष्टी. पहिली, प्रत्येक चौकटीत 60 वर एक आडवी रेघ. पीएम 2.5 साठी आपल्याकडचं चोवीस तासांचं मानक 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली पातळी 15. दोन्ही रेघा काढल्या तरी चालेल. पण ही मानकं चोवीस तासांच्या सरासरीची आहेत, म्हणून आलेखही रोजच्या सरासरीचाच हवा. तासागणिक आकड्यांवर ही रेघ ओढून ‘आज मानक बारा वेळा ओलांडलं’ म्हणणं चूक.

दुसरी गोष्ट माझ्या आवडीची. प्रत्येक चौकटीत बाकीच्या दहा केंद्रांच्या रेषा फिकट राखाडी आणि त्या केंद्राची रेष गडद. मागच्या थरासाठी आकडेवारीची एक प्रत घ्यायची, त्यातल्या केंद्राच्या स्तंभाला वेगळं नाव द्यायचं आणि त्या नव्या नावावर गट पाडायचे. फॅसेटला ‘केंद्र’ नावाचा स्तंभ त्या प्रतीत सापडत नाही, म्हणून तो थर सगळ्याच चौकटींत उमटतो. सुरुवातीच्या शेवया आता पार्श्वभूमीला गेल्या, आणि तिथे त्या कामाच्या आहेत. हे केंद्र गर्दीत वर आहे की खाली, ते क्षणात कळतं.

आता चौकटींचा क्रम. ‘आर’ला सांगितलं नाही तर तो अक्षरांप्रमाणे लावतो. आनंद विहार पहिलं, वसुंधरा पार शेवटाकडे. नकाशा उघडा: ही दोन केंद्रं पाच किलोमीटरच्या आत आहेत. मध्ये आहे ती फक्त राज्याची सीमा. एक दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीचं, दुसरं उत्तर प्रदेशच्या मंडळाचं. वर्णमालेने त्यांना जाळीच्या दोन टोकांना फेकलं आणि शेजारी असल्याचं वाचकाला कळायची सोयच काढून टाकली.

क्लीव्हलँडनी मध्यकाप्रमाणे क्रम लावायचा सल्ला दिला होता. ‘रीऑर्डर’ फंक्शनने केंद्राला पीएम 2.5 च्या मध्यकाप्रमाणे लावा, वाईटाकडून बऱ्याकडे उतरत जाणारी रांग दिसते आणि एखादं केंद्र रांगेत बसत नसेल तर ते टोचतं. शहराच्या बाबतीत मी मात्र नकाशाच्या बाजूची आहे. ‘जिओफॅसेट’ नावाचं पॅकेज यासाठीच आहे. प्रत्येक केंद्राची ओळ आणि स्तंभ एका छोट्या तक्त्यात लिहून द्यायचा. आपली अकरा अशी बसतात. वरच्या ओळीत रोहिणी, उत्तर परिसर, वसुंधरा. दुसऱ्या ओळीत पंजाबी बाग, मंदिर मार्ग, आनंद विहार. तिसऱ्या ओळीत द्वारका, आर. के. पुरम, नोएडा सेक्टर 62. खाली डावीकडे गुरुग्राम, उजवीकडे फरिदाबाद, मधली जागा रिकामी. तिथे रेघांचा खुलासा लिहिता येतो. नकाशा नेमका नाही, पण पूर्व पूर्वेला आणि दक्षिण दक्षिणेला राहते. आता आनंद विहार, वसुंधरा आणि नोएडा एका उभ्या रांगेत आहेत, आणि पूर्वेकडची हवा कुणाच्या अखत्यारीत हा प्रश्न चित्र पाहणाऱ्याला आपसूक पडतो.

चाळीसही केंद्रं घ्यायची का? छापील पानावर नऊ ते बारा चौकटी सुखाने वाचता येतात. मोबाइलवर दोन स्तंभांच्या पुढे जाऊ नये, खाली सरकवायला लोकांची हरकत नसते. चाळीस घ्यायची तर अक्षांवरचे आकडे फक्त कडेच्या चौकटींना ठेवा. एकच मोजपट्टी असली की जीजीप्लॉट ते आपणहून करतं.

खंडाबद्दल सावध राहा. यंत्र बंद पडतं, वीज जाते, दुरुस्ती चालते. उतरवलेल्या फाइलमध्ये त्या वेळेच्या ओळी असून आकडा रिकामा असेल तर रेष तिथे तुटते, छान. पण त्या ओळीच गायब असतील तर रेष अलीकडच्या ठिपक्यावरून पलीकडच्या ठिपक्यावर सरळ जाते आणि आठवडाभर हवा शांत होती असं वाटतं. ऐन दिवाळीच्या आठवड्यात असं झालं तर विचार करा. ‘टायडीआर’मधलं ‘कम्प्लीट’ वापरून सगळ्या तारखा आधी भरून घ्या, म्हणजे खंड खंडासारखा दिसेल. जाळीचा एक फायदा असा की शेजारची चौकट भरलेली असताना ही तुटलेली आहे, हे लगेच डोळ्यात भरतं.

एकाऐवजी दोन गोष्टींवर जाळी विणायची असेल तर ‘फॅसेट ग्रिड’. ओळींना केंद्रं, स्तंभांना महिने, आणि आडव्या अक्षावर दिवसाचे चोवीस तास. या चित्रात दिल्लीच्या हवेचं यंत्र उघडं पडतं. हिवाळ्यात रात्री थंड हवा जमिनीलगत कोंडते, वारा मंद असतो, म्हणून रात्री आणि सकाळी आकडे चढलेले. दुपारी ऊन तापून हवा वरपर्यंत मिसळली की उतरलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणातल्या पराली जाळण्याचा धूर यात भर घालतो. पावसाळ्यात सगळी रेष खाली बसते. सकाळी लवकर फिरायला जाण्याची आपली शिस्त डिसेंबरात दिल्लीत नेमकी उलटी पडते, हे त्या चित्रात एका नजरेत दिसतं. मात्र वेळेचा पट्टा ‘एशिया, तिरपी रेघ, कोलकाता’ असा द्यायला विसरू नका. नाहीतर ‘आर’ वेळ ग्रिनिचची समजून बदलू शकतं, आलेख साडेपाच तास सरकतो आणि दुपारचा उतार भलत्याच वेळी दिसतो.

जाता जाता आपल्या माणसांसाठी एक गोष्ट: दिल्लीच्या हवेचा अंदाज देणारी ‘सफर’ यंत्रणा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभी केली, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने.

आत्तापर्यंत सगळ्या चौकटींत एकाच प्रकारचा आलेख होता. पण वर रोजची रेष, खाली डावीकडे महिन्यांचे स्तंभ, उजवीकडे वाऱ्याच्या दिशेचं चक्र असं एकत्र मांडायचं असेल तर फॅसेट उपयोगाचं नाही. तिथे थॉमस लिन पेडरसन यांचं ‘पॅचवर्क’ घ्या. नावाप्रमाणेच गोधडी. तीन आलेख तीन नावांनी ठेवायचे. शेजारी हवा तर उभी रेघ, खाली हवा तर भागाकाराची तिरपी रेघ, आणि गट करायला कंस. रंगसूची तीनदा येत असेल तर ‘प्लॉट लेआउट’मध्ये ‘गाइड्स’ला ‘कलेक्ट’ सांगितलं की ती एकदाच येते. ‘ग्रिडएक्स्ट्रा’चं ‘ग्रिड डॉट अरेंज’ आणि ‘काउप्लॉट’चं ‘प्लॉट ग्रिड’ हीही कामं करतात, पण वेगवेगळ्या आलेखांच्या कडा जुळवण्यात पॅचवर्क सर्वांत कमी त्रास देतं.

जुन्या पुस्तकांत ‘पार’ फंक्शनमध्ये ‘एमएफरो’ देऊन जाळी करायला शिकवतात. साध्या ‘प्लॉट’ फंक्शनसाठी ते आजही उत्तम आहे. जीजीप्लॉट आणि लॅटिस मात्र ‘ग्रिड’ नावाच्या वेगळ्याच पायावर उभी आहेत, ती ‘पार’चं ऐकत नाहीत. ओळ लिहिली, चूक दाखवली नाही, तरी आलेख एकेकच येतो, असं झालं तर कारण हेच. ‘पार’ वापरताना ‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’ अशी तक्रार आली तर खिडकी मोठी करा किंवा ‘मार’मधली समासाची मापं कमी करा.

शेवटचं काम जतन करण्याचं. ‘जीजीसेव्ह’मध्ये रुंदी आणि उंची स्वतः द्या. तीन स्तंभ, चार ओळींच्या जाळीला नऊ इंच रुंद, दहा इंच उंच चालतं; खिडकीच्या भरवशावर सोडलं तर चौकटी चेपतात. केंद्रांची नावं देवनागरीत हवी असतील, आणि ती असावीतच, तर ‘रॅग’ पॅकेज बसवून ‘डिव्हाइस’ला ‘रॅग’चं ‘एजीजी पीएनजी’ द्या आणि ‘थीम’मध्ये देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट सांगा. नेहमीच्या पीडीएफमध्ये ‘विकास सदन’ची पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘सेक्टर’मधलं जोडाक्षर फुटतं.

घरी करून पाहायला: आधी ‘बार्ली’च्या सहा चौकटी काढा आणि मॉरिस स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग तुमच्या गावाजवळची चार केंद्रं घ्या, चंद्रपूर असो, सोलापूर असो की इंदूर, त्यांच्याबरोबर आनंद विहार ठेवा, आणि तेच चित्र एकदा एका मोजपट्टीवर, एकदा मोकळ्या मोजपट्टीवर काढा. दोन्ही चित्रं घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवा आणि विचारा, हवा कुठली वाईट. पुढच्या भागात आपण वाऱ्याच्या दिशेचं चक्र काढायला घेऊ.